न झालेल्या सामन्यातल्या चुका

मी काय काम करत होते हे माझ्या मावशीला समजलेलं आहे, पण पटलेलं नाही. तिच्या मुलाचं लग्न शनिवारी होतं. संध्याकाळच्या रिसेप्शनला येता येणार नाही असं मी म्हटल्यावर तिने हळद कालवता कालवता विचारलं, "शनिवारी असं काय आहे गं?"

"मॅच आहे."

"कुठे, पार्क मैदानावर?"

"स्कॉटलंडमध्ये."

"आणि तू?"

"मी इथेच, सात रस्त्याला."

मावशीने आईकडे पाहिलं. आई शाळेत शिकवते, कठीण गोष्ट सोपी करून सांगायची तिला सवय आहे. पण त्या दिवशी तिनेही नुसता हात हलवला. "कॉम्प्युटरचं असतं तिचं काहीतरी." त्यावर मावशी म्हणाली, "म्हणजे ही मॅच बघणार आणि पगार घेणार. आमचे हे जन्मभर फुकट बघत आले!"

मी एकूणच कमी बोलते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गप्प बसणाऱ्या मुलीला 'वेल बिहेव्ड' म्हणतात, आणि ते एकदा प्रगतिपुस्तकात आलं की आपणही त्याला जपत बसतो. आता ते काम सुटलं आहे. राग सुटलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

काम असं होतं. सोलापुरात सात रस्त्याला चादरीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल, त्यात स्क्रीनच्या दोन रांगा. स्क्रीनवर तिकडचा फुटबॉलचा सामना चालू असतो. खेळाडूचा पाय चेंडूला लागला की आपण त्याचा नंबर दाबायचा, त्याने काय केलं ते दाबायचं – पास, फटका, अडवणूक, थ्रो – आणि शेजारी मैदानाचं चित्र असतं त्यावर ते जिथे घडलं तिथे क्लिक करायचं. तोवर चेंडू दुसऱ्याच्या पायात गेलेला असतो. मध्यंतरापर्यंत पाणी प्यायलासुद्धा मान वळवायची नाही. एका सामन्याला दोन माणसं लागतात. एक यजमान संघाच्या नोंदी करतो, दुसरा पाहुण्या संघाच्या. कोणी कोणता संघ घ्यायचा याचा आमच्याकडे एक रिवाज होता: जो खिडकीकडे बसेल त्याचा यजमान. हा कोणी सुरू केला ठाऊक नाही, पण कोणी मोडतही नसे. माझी खुर्ची खिडकीकडची होती.

या नोंदी लागतात कोणाला, असं सगळे विचारतात. संघांच्या प्रशिक्षकांना लागतात, तिकडच्या वर्तमानपत्रांना लागतात, वेबसाइटना लागतात. खेळाडूंनाही लागतात. एकदा एका गोलकीपरची तक्रार आली. हा माणूस आठवडाभर प्लंबिंगची कामं करायचा आणि शनिवारी गोलमध्ये उभा राहायचा. या पायरीवरचे बहुतेक खेळाडू असेच असतात, कोणी पोस्टमन, कोणी मास्तर, कोणी गवंडी. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या नावावर टाकलेली चूक माझी नाही, आमच्या बचावपटूची आहे, कृपा करून पुन्हा बघा. आम्ही पुन्हा बघितलं. त्याचं खरं होतं. नोंद बदलली. आठवड्याभरात त्याचं आभाराचं उत्तर आलं, शेवटी लिहिलं होतं की माझ्या मुलीला हे वाचून दाखवलं.

मला त्या दिवशी आमच्या कामाचा फार अभिमान वाटला होता. तक्रार करायला जागा आहे, ऐकणारा आहे, चूक दुरुस्त होते. ही सोय फक्त तिकडच्या माणसांसाठी आहे हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मोठ्या, नावाजलेल्या लीगचे सामने मोठ्या शहरांतल्या ऑफिसांना जात. आमच्या वाट्याला आली स्कॉटलंडची तिसरी पायरी. तिथे दहा संघ असतात. ऑगस्टपासून मेपर्यंत प्रत्येक संघ प्रत्येकाशी चार वेळा खेळतो. पहिला येणारा वरच्या पायरीवर जातो, दहावा येणारा खालच्या, आणि नवव्याला आणखी काही सामने खेळून आपली जागा वाचवावी लागते. त्यामुळे गंमत वर असते तितकीच तळालाही असते. वरच्यांना जिंकायचं असतं, तळातल्यांना टिकायचं असतं, आणि टिकायला धडपडणारी माणसं जास्त जोरात धावतात हे मी तीन सीझन बघितलं आहे.

मैदानं अगदी घरगुती. एका बाजूला पत्र्याचं छप्पर, कुंपणापलीकडे लोकांच्या बागा, प्रेक्षकांबरोबर त्यांची कुत्री. एका मैदानाला असा उतार होता की आम्ही त्याला 'घसरगुंडी' म्हणायचो. मध्यंतरानंतर कोणता संघ चढाला लागणार यावर आमच्या पैजा लागत. कॅमेरा एकच, उंचावर ठेवलेला. एकदा एक समुद्रपक्षी मैदानाच्या मधोमध येऊन बसला आणि बराच वेळ उठेना. खेळाडू त्याला वळसा घालून खेळत राहिले, आणि कॅमेरावाला चेंडू सोडून त्या पक्ष्यालाच दाखवत राहिला. पक्ष्यासाठी आमच्याकडे बटण नव्हतं. एप्रिलमध्ये तर फारच विचित्र वाटायचं. इकडे हॉलमध्ये इन्व्हर्टरवर पंखे कसेबसे फिरताहेत, कीबोर्डवर घाम ठिबकतोय, आणि स्क्रीनवर खेळाडूंच्या तोंडातून वाफा निघताहेत.

माझ्या शेजारी रेणुका बसायची. ती नातेपुत्याजवळची. घरी मेंढरं आणि पावसावरची जमीन. शाळेत खो-खो खेळलेली. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीत तिची आत्या राहते, तिच्याकडे राहून ती नोकरी करत होती. घरच्यांशी तिचा साधा करार होता. नोकरी आहे तोवर सोलापूर. नोकरी गेली की घर, आणि घरी आली की लग्न. मुलगा बघून ठेवलेला होता.

"बघून ठिवलाय," ती सांगायची, "जत्रंसाठी बोकड बघून ठिवत्यात तसा."

"तुला पसंत आहे का पण?"

"मला कुटं? त्येला बी कुणी इचारलं न्हाय."

पहिल्याच दिवशी तिने माझं बारसं केलं. "ए कॉन्व्हेंट, ह्ये ऑफसाइड म्हंजी काय ते नीट मराठीत सांग की." मी कागदावर रेघा मारून सांगितलं. तिने तो कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाली, "तू बोलतीस चांगलं. मंग बोलत का न्हाईस?" त्यानंतर ती माझ्या वाट्याचंही बोलू लागली. चहावाल्याला साखर कमी घालायला सांगणं, एसीच्या तक्रारी, सुट्टी मागणं, सगळं. मी तिचे इंग्रजी मेल लिहायचे. आमचं बरं जमलं होतं.

आमच्या कीबोर्डवर एक बटण असं होतं की ते दाबायची लोकांना लाज वाटे. 'खेळाडू ओळखता आला नाही' असं ते बटण. लांबचा कॅमेरा, पाऊस, पाठीवरचा नंबर चिखलाने भरलेला. मग आम्ही माणूस चालीवरून ओळखायचो, घसरलेल्या मोज्यांवरून ओळखायचो, केसांवरून ओळखायचो. तेही जमलं नाही की ते बटण दाबायचं, असं आम्हांला शिकवलेलं होतं. प्रत्यक्षात फार थोडे जण दाबत. पुढच्या रांगेतला इरफान तर नव्या पोरांना उघड शिकवायचा, "छे नंबर डाल देने का. छे नंबर सब जगह रहता."

रेणुका मात्र दाबायची. "दिसलं न्हाय तर न्हाय म्हनायचं. त्यात कुनाच्या बापाचं काय जातंय?"

तिसऱ्या सीझनच्या मध्यावर पुण्याहून निनाद सर आले. वाईट माणूस नव्हे. सगळ्यांना नावाने हाक मारायचे, वाढदिवसाला केक आणायचे. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना एकत्र बसवलं.

"गाईज, तुम्ही दर शनिवारी लीग बघता. लीगमधून आपण काय शिकतो? कॉम्पिटिशन! परफॉर्मन्स दाखवा, वर जा. आपल्याकडेही आजपासून प्रमोशन-रेलिगेशन."

म्हणजे असं. ऑफिसचे दोन गट केले, वरचा आणि खालचा. महिन्याच्या शेवटी तक्ता लागणार. खालच्यातला पहिला वर जाणार, वरच्यातला शेवटचा खाली येणार. आणि खालच्यातला शेवटचा 'बेंच'वर बसणार. बेंच म्हणजे त्याला पुढे सामना मिळणार नाही, म्हणजे पगारही नाही, सर बोलावतील तेव्हाच यायचं. गुण कशावर? दुसऱ्या शहरात आमची एक तपासणीची टीम होती. ती सामना नंतर पुन्हा बघून आपली नोंद करायची. तिची नोंद खरी धरायची, आमची तिच्याशी जुळली नाही की चूक. आणि आता यापुढे 'ओळखता आला नाही' हीसुद्धा चूकच.

रेणुकाने हात वर केला. "सर, म्हंजी खरं सांगितलं की चूक, आन ठोकून दिलेलं बसलं की बरूबर?"

"तसं नाही रेणुका. लोकांनी आणखी लक्ष देऊन बघावं म्हणून आहे ते."

"चिखल लई ध्यान दिऊन बघितला तरी चिखलच दिसतो की, सर."

सगळे हसले. सरही हसले. नियम मात्र लागू झाला. आम्ही दोघी खालच्या गटात होतो.

हिवाळ्यातली गोष्ट. महिन्यातला शेवटचा सामना. तक्त्यात रेणुका तळापासून दुसरी होती. तेवढा एक सामना साधारण गेला असता तर तिचा महिना निघाला असता. ती डबा उघडताना म्हणाली, "आजचा दिस पार पडू दे. उंद्या आत्याला सांगते, अजून महिनाभर तुजी भाकरी मोडनार."

सामना समुद्राकाठच्या एका गावात होता. यजमान संघाचे शर्ट विटकरी रंगाचे, म्हणून तो माझा. पाहुणा संघ पांढरा. शर्ट पांढरा, चड्डी पांढरी, मोजे पांढरे. तो रेणुकाचा. हे पांढरे त्या वेळी गुणतक्त्यात दहावे होते.

पहिली पंधरा-वीस मिनिटं ठीक गेली. मग कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने काहीतरी सरकत आल्यासारखं वाटलं. मला वाटलं आपली स्क्रीन बिघडली. मी पडद्यावरून बोट फिरवलं. समुद्रावरचं धुकं होतं ते. आधी पलीकडची घरं गेली, मग कुंपण गेलं, मग पलीकडचा गोल. तिकडे दुपारीच अंधारून येतं, म्हणून त्यांनी मैदानाचे दिवे लावले, आणि घोटाळाच झाला. धुकं उजळून दुधासारखं पांढरं झालं. माझे विटकरी खेळाडू त्यात निदान डागांसारखे दिसत होते. नंबर नाही, पण अंगकाठी कळत होती. पांढरे मात्र पार नाहीसे झाले. चेंडू माझ्या खेळाडूकडून सुटायचा, कुठेतरी जायचा आणि परत यायचा. मध्ये कोणी होतं एवढंच कळे.

"ये क्या मॅच हय जी?" इरफान मान वळवून बघत म्हणाला. "लाँड्री हय पूरी. छे नंबर डालो, रेणुकाबाई, छे नंबर!"

रेणुकाने स्क्रीनवरून मान वळवली नाही. मला फक्त एका बटणाचा आवाज येत होता. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी नजर न हलवता म्हणाले, "अगं, अधूनमधून नंबर टाक. महिना आहे."

"कुनाचा टाकू? तूच सांग. त्यो गडी घरला जाऊन बघंल, म्या केलं न्हाय त्ये माझ्या नावावर कुनी टाकलं." तिला तो गोलकीपर आठवत होता. पांढऱ्या संघाचाच होता तो.

मध्यंतराला यजमान दोन गोलांनी पुढे होते. मध्यंतरानंतर थोडा वेळ खेळ झाला, मग रेफ्रीने शिट्टी मारली. तो चेंडू काखेत धरून मैदानाच्या मधोमध उभा राहिला आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघू लागला. नियम असा आहे की मधून दोन्ही गोल दिसायला हवेत. त्याला एकही दिसेना. त्याने दोन्ही कप्तानांना बोलावलं, सगळ्यांना आत नेलं, थांबून पाहिलं आणि सामना रद्द केला.

रद्द म्हणजे पुरता रद्द. दोन गोल गेले. उरलेला खेळ नव्हे, अख्खा सामना पुन्हा पहिल्यापासून खेळायचा असं ठरलं. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा मेल आला, इंग्रजी मेल मीच बघायचे, की हा सामना लीगने धरलेला नाही, तरी त्याची फाइल कृपया काढून टाकावी. आम्ही काढून टाकली. मी स्वतः काढली.

सोमवारी तक्ता लागला. खालच्या गटात पहिलं नाव माझं. शेवटचं रेणुकाचं.

मला वाटलं नजरचूक आहे. मग मी आकड्यांखाली पाहिलं. तिच्या बहुतेक सगळ्या चुका त्या एका सामन्यातल्या होत्या. तपासणीच्या टीमनेही तोच व्हिडिओ बघितला होता, तेच धुकं बघितलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही नंबर टाकले होते. ते नंबर खरे धरले गेले होते.

सर सगळ्यांसमोर माझं अभिनंदन करू लागले. मी उभी राहिले. तोवर तीन वर्षांत मी त्या हॉलमध्ये उभी राहून कधी बोलले नव्हते. इंग्रजीत मला सभ्यपणे रागावता येतं, शाळेत तेवढंच शिकवलं आहे. म्हणून मी मुद्दाम मराठीत बोलले.

"सर, तो सामना झालाच नाही."

"कोणता?"

"धुक्यातला. लीगने धरला नाही. गोल धरले नाहीत. क्लायंटने फाइल काढून टाकायला लावली. मग त्यातल्या चुका का धरल्या?"

"लुक, सामना आणि आपली प्रोसेस वेगळी आहे. काम तर झालं ना? काम झालं म्हणजे क्वालिटी मोजली जाणार."

"तिथे काही दिसत नव्हतं."

"तुला दिसलं. तू टॉप केलंस."

"कारण मी खिडकीकडे बसते! माझे शर्ट विटकरी होते. ती माझ्या जागी असती तर आज तिचं नाव वर असतं."

हॉलमध्ये कोणीतरी 'ओहो' म्हणालं. पण एकदा तोंड उघडल्यावर मिटण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावा. इरफानने सरांनी हो-नाही म्हणायच्या आत लावला. पांढरं. पांढऱ्यात विटकरी डाग. चेंडू डावीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"आता सांगा सर, चेंडू कोणाकडे आहे?"

सर पुढे झाले. डोळे बारीक करून त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "हा बघ. उंच आहे, सरळ उभा आहे. डिफेंडर. नंबर पाच असणार. थोडं लक्ष दिलं की दिसतं."

मग इरफान म्हणाला, "सर, वो गोल का खंबा हय जी."

लोक टेबलांवर हात आपटून हसले. रेणुकासुद्धा हसली. मला वाटलं, झालं, आता हे नक्की बदलणार. गोलचा खांब आणि माणूस यांतला फरक ज्याला ओळखता आला नाही, तो दुसऱ्याला 'ओळखता आला नाही' म्हटल्याबद्दल घरी कसा पाठवेल?

सर जागेवर जाऊन बसले. म्हणाले, "पॉइंट नोटेड. पुढच्या महिन्यापासून धुक्याचं बघू. पण आता तक्ता लागलाय. मध्येच नियम बदलला तर बाकीच्यांवर अन्याय होईल."

बाकीच्यांवर. मी हा शब्द त्यानंतर कितीतरी वेळा मनात उलटापालटा केला आहे. बाकीचे सगळे हसत होते, कोणाचीच हरकत नव्हती. तळापासून दुसरा आलेला मुलगासुद्धा म्हणाला, "सर, मी बसतो महिनाभर, तिला ठेवा." त्याला सरांनी सांगितलं की तशी अदलाबदल सिस्टिममध्ये होत नाही. मी म्हटलं, मग मला वर जायचं नाही. तेही होत नव्हतं. माणसाने बनवलेली सिस्टिम, तिच्यात माणसाने एक साधी गोष्ट करायची म्हटली तर काहीच होत नव्हतं.

मग रेणुका उठली. हसू पुसलं तिने आणि अगदी सरळ विचारलं.

"सर, एक इचारू? तिकडं धाव्वा नंबर आलेली टीम खाली जाती. मंग पुढल्या सीझनला तिला मॅच असती का न्हाय?"

"असते ना. खालच्या लीगमध्ये."

"मंग माजी कवा हाय, तेवडं सांगा. खालच्या पायरीची द्या. पोरांची द्या. कसली बी द्या."

सर हातातल्या पेनचं टोपण काढून पुन्हा लावत होते. शेवटी म्हणाले, "रेणुका, ते स्पोर्ट आहे. हे ऑफिस आहे."

लीगमधून शिका म्हणणारा माणूस, गरज संपल्याबरोबर हे ऑफिस आहे म्हणाला! त्यांनी लीगमधून तक्ता घेतला, वरचा-खालचा गट घेतला, बेंच हा शब्द घेतला. फक्त एक गोष्ट तिथेच ठेवली. तिकडे खाली जाणं म्हणजे कुठे खेळायचं ते बदलणं. खेळू द्यायचं की नाही हा प्रश्नच तिकडे कोणी विचारत नाही. सगळ्यात वाईट खेळलेल्या संघालाही वेळापत्रक द्यावंच लागतं, यजमान संघाला दार उघडावंच लागतं, रेफ्रीला यावंच लागतं. ही दयामाया नव्हे. याशिवाय लीग उभीच राहत नाही. निनाद सरांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना ते सोयीचं नव्हतं.

रेणुका दोन आठवडे आत्याकडे फोनची वाट बघत बसली. मग भाऊ येऊन घेऊन गेला. मी कुंभारीला गेले तेव्हा ती पिशवीत कपडे कोंबत होती. आत्या ओट्याशी उभी राहून आम्हा दोघींनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "दिसत न्हवतं तर काय बी दाबायचं हुतं बाई. मशीनला काय कळतंय?"

"मशीनला न्हाय गं कळत," रेणुका म्हणाली, "म्हनून तर मानूस बसिवला हुता तितं."

भावाने पिशवी उचलली.

तो सामना काही आठवड्यांनी पुन्हा झाला. मी यजमानच केले, शेजारी नवीन मुलगा होता. लख्ख ऊन होतं, पांढऱ्यांचा एकेक नंबर दुकानाच्या पाटीसारखा वाचता येत होता. पांढऱ्यांनी बरोबरी साधली. जे दोन गोल धुक्यात बसले होते ते कोणाच्या हिशेबातही नव्हते. प्लंबर गोलकीपरने शेवटी एक फटका असा अडवला की इरफान खुर्चीवरून उठला. मी शेजारच्या मुलाकडे बघितलं. तो सहा नंबर दाबत होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "इरफानभाई बोलले." इतक्या उन्हात!

त्या एका गुणाने पांढरे शेवटच्या दिवसापर्यंत तग धरून राहिले. शेवटच्या सामन्यात हरले आणि दहावे आले. शिट्टी झाली तेव्हा काही जण गवतावर बसले. छपराखालचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बराच वेळ. कॅमेरावाल्याने या वेळी पक्षी दाखवला नाही, माणसं दाखवली. मी नोंद बंद केली आणि सरांच्या टेबलापाशी जाऊन सोडत असल्याचं सांगितलं.

"पण तू वरच्या गटात आहेस," ते म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तुला काय प्रॉब्लेम आहे?"

मी म्हटलं, "सर, मी काय सांगायचं ते एकदा सगळ्यांसमोर सांगितलेलं आहे." त्यांना ते आठवायला वेळ लागला. तिथेच मला कळलं की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्यांच्या लेखी एक मीटिंग होती.

आता मी एका क्लासमध्ये मुलांना इंग्रजी शिकवते. शनिवारी संध्याकाळी मोकळी असते. मावशी खूश आहे.

ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू झाला. पांढऱ्यांचा क्लब आपले सामने परदेशातल्या लोकांसाठी स्वतःच्या वेबसाइटवर दाखवतो. मी लावला आणि रेणुकाला फोन केला.

"काय करतेस?"

"बिलं. भावाच्या खताच्या दुकानात. बोल, कॉन्व्हेंट."

"लग्नाचं काय झालं?"

"बोलनी हाईत पुढल्या मैन्यात. त्येंची हाईत बोलनी, मी न्हाय बोलनार." मग जरा थांबून, "कसला आवाज येतोय गं मागं?"

"पांढऱ्यांची मॅच लागलीय."

"व्हय? कुटं?"

"त्यांच्याच मैदानावर. चौथ्या पायरीवरची पहिली."

फोनवर दुकानातलं कोणीतरी युरियाच्या पोत्याबद्दल विचारत होतं. तिने "थांबा की वो काका" म्हटलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

"लोकं आल्यात?"

"आलेत. कुत्र्यांसकट."

"आपला प्लंबर हाय का गोलात?"

"आहे. हातमोजे घालतोय."

"दिसतंय नीट?"

"सगळं दिसतंय."

रेफ्रीने घड्याळ बघितलं, शिट्टी मारली, आणि दहाव्या आलेल्या संघाने चेंडू मागे देऊन खेळ सुरू केला. त्यांना त्यांचा शनिवार मिळालेला होता. कोणाकडे मागावा लागला नव्हता.

"ए," रेणुका म्हणाली, "नंबर सांगत ऱ्हा. मी बिलं करता करता ऐकते."

मी सांगू लागले.